माझ्या गाऱ्हाण्यात त्या देशाचं नाव नाही

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण आमच्या देवळात गाऱ्हाणं मीच घालतो. गावाचं दुखणं देवाला मोठ्याने सांगायचं, आणि दर ओळीला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, तरच ते देवाला पोचतं. तो मान आमच्या घराकडे आहे.

यंदा बायको गेली. तिला दवाखान्यात नेलं त्याच दिवशी तिथले सगळे कॉम्प्युटर कोणीतरी बाहेरून बंद पाडले होते. जुने रिपोर्ट दिसेनात. डॉक्टर फोनावर फोन करत होता. ही माझा हात धरून होती, मग धरायची थांबली. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर सांगून मोकळे, शत्रू देशाचं काम.

माझी पुतणी पुण्यात हेच शिकते. कुठल्या देशाने कुणाचे कॉम्प्युटर पाडले, आरोप कोणी केला, पुरावा काय निघाला, ते गोळा करून पडताळायचं. बाराव्याला आली तेव्हा मी विचारलं, "तुझ्या काकीक कोणी मारल्यान?"

"काका, कॉम्प्युटर कोणी पाडल्यान ता अजून कळाक नाय. आणि ते चालू असते तर काकी वाचली असती, ह्याय माका सांगता येवचा नाय."

"मगे ह्या शिकतंस कित्या गो?"

"उगीच कोणाचा नाव घेतला जाव नये म्हणान."

मी तिच्याशी बोलणंच सोडलं. मला नाव हवं होतं. शिव्या घालायला माणसाला कोणीतरी लागतं.

जत्रेला गाव जमलं. मी नारळ हातात घेतला तसा एक मानकरी कानाशी आला. "त्या देशाचा नाव घे. वयनीक त्येंनीच मारल्यानी."

"तू बघलंस?"

"टीव्हीर बघलंय."

"मगे टीव्हीच्याच फुड्यात नारळ ठेव."

आमच्यात गाय मेली तरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाऱ्हाण्यात शेजाऱ्याचं नाव घेत नाहीत. बायकोसाठी खोटं बोलू? मी घातलं, "बा देवा म्हाराजा, माझी घरकारीण गेली. यंत्रा बंद पडली, ता खरा. कोणी पाडल्यान ता माका ठावक नाय, हय जमलेल्यांकाय ठावक नाय. जेका ठावक नाय तेणी तिचा नाव लढाईक वापरू नये रे म्हाराजा."

कोणी 'व्हय' म्हणेना. बायकांच्या घोळक्यातून पुतणी एकटीच म्हणाली. मानकरी म्हणाला, "ह्या गाऱ्हाणा धरूचा नाय."

मी तेच पुन्हा घातलं, आधीपेक्षा मोठ्याने, आणि नारळ हातात धरून उभा राहिलो. गाव 'व्हय' म्हणेपर्यंत तो देवापुढे ठेवणार नव्हतो.