पत्र्याच्या खोलीतले आठ रेडिओ

"रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरात तांबं हाय, भंगारवाला पळत येल." बाराव्याचं जेवण आटोपल्यावर ओटीवर पान लावता लावता कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. मी आत काकूंबरोबर ताटं आवरत होते. आप्पाकाका दुपारच्या झोपेतच गेले होते. टेमघरच्या घरामागे, पत्र्याच्या खोलीत त्यांचे आठ जुने, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे रेडिओ होते. त्यांच्या मुलाला, निलेशदादाला, ती खोली सुताच्या गोण्यांसाठी हवी होती. त्याचंही काही चुकत नव्हतं. भंगारवाला दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

आप्पाकाका माझ्या बाबांचे चुलतभाऊ. आयुष्यभर त्यांनी लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, मोटारी दुरुस्त केल्या; रेडिओ हा नुसता छंद. मी अकरावीत असताना बाबांनी मला त्यांच्याकडे धाडलं, कारण मी कुणाशी बोलतच नसे. इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी अडखळायचं, भावंडं 'मॅडम आल्या' म्हणायची, मग गप्प बसणं सोपं वाटायचं. काकांनी काही विचारलं नाही. हातात ब्रश दिला आणि एका रेडिओची धूळ झाडायला लावली. रविवारी गल्लीतली पोरंपोरी शिकायला यायची, त्यांनाही पहिल्या दिवशी ब्रशच. नवा मोबाइल मिरवणाऱ्या एकाला ते म्हणाले, "ह्यो उघडलास तरी तुला कायच दिसणार न्हाय. ह्याच्यात वीज कुठून आली नि कुठं गेली, ते बोटानं दाखवता येतं." चालू सेट तपासायचा तर दुसरा हात खिशात, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून जात नाही, हा त्यांचा कडक नियम. माझ्या ड्रेसला खिसा नव्हता, तो काकूंनी शिवून दिला.

मी जोडलेल्या पहिल्या रेडिओत घरघर राहिली. कपॅसिटर दोनदा बदलला, सगळ्या वायरी सोडवून पुन्हा जोडल्या. तीन रविवार गेले. काका बघत होते... मग म्हणाले, शुक्रवारी ये. कॉलेजला दांडी मारून गेले. शुक्रवारी शेजारचे लूम बंद असतात. रेडिओ लावला, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबलो, आणि बातम्या अगदी स्वच्छ आल्या. घरघर भिंतीपलीकडच्या लूमच्या मोटारींमुळे येत होती. मला रागच आला. आधी का नाही सांगितलं, असं मी पहिल्यांदाच त्यांना तोंडावर विचारलं.

"सांगितलं असतं तर तीन रविवार आली असतीस? आता आतली येक येक वायर तुला पाठ हाय."

खरंच पाठ होती, अजूनही आहे. म्हणून वाचकांना सांगते, माळ्यावर बंद रेडिओ असेल तर तो घरातल्या मुलांपुढे ठेवा, जाणतं माणूस शेजारी बसवा आणि उत्तर सांगायची घाई करू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो दारात लागला. भंगारवाल्याने पहिला सेट उचलला. काकू दाराला टेकून उभ्या होत्या.

"कोण बघनार ह्यांच्याकडं आता?" दादा हळूच म्हणाला. "पोरं आमच्या बाबांमुळं यायची."

माझं वाक्य नेहमीसारखं आधी इंग्रजीत तयार झालं. ते मराठीत आणेपर्यंत दादा माझ्याकडे बघत थांबला होता...

"दादा, त्यांना तो रेडिओ खाली ठेवायला सांग," मी म्हणाले. "या रविवारी मी शिकवणार आहे."