दहापैकी दहा कलमं

चहा आधी पिऊन घ्या. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा एकाला असा ठसका लागला की त्याची पाठ थोपटण्यातच गोष्ट राहून गेली. आणि गोष्ट माझ्या फजितीची आहे, ती अर्धी सोडून कसं चालेल?

मी शिंपी. म्हैसुरात आमची तिसरी पिढी, चाळीस वर्षं हातात कात्री. थोरली बहीण शांताक्का सरस्वतीपुरमला राहते, शाळेतून रिटायर झालेली. तिच्या अंगणात भावोजींनी लावलेला जांभळ्या पॅशन फ्रूटचा वेल होता. भावोजी गेले, पण वेल राहिला. अक्का रोज सकाळी त्याच्याशी बोलायची. माझ्याशी बोलते त्यापेक्षा गोड बोलायची!

तो वेल सुकायला लागला. पाणी घाला, खत घाला, पानं मान टाकतच चाललेली. अक्काचं जेवण कमी झालं. मला बघवेना.

बेट्टदपुरचे निंगेगौडा माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांची पॅशन फ्रूटची बागच आहे. शर्टाचं माप द्यायला आले तेव्हा त्यांना विचारलं.

"मर रोग आहे तो, टेलरे," गौडा म्हणाले. "मातीतून येतो. पिवळ्या जातीची मुळं त्याला दाद देत नाहीत. खाली पिवळ्याचं रोप, वर तुमच्या वेलाची काडी, असं कलम करा. रोपं मी देतो. येऊन करूनही देतो."

"अय्यो, तुम्ही कशाला?" मी म्हणालो. "जोडायचंच आहे ना? मी दुसरं काय करतो हो जन्मभर?"

इथंच माझं तोंड कोणीतरी धरायला हवं होतं!

गौडांनी नीट समजावलं. रोपाचा शेंडा उडवायचा, खोडाला खाच द्यायची. वेलाच्या काडीला पाचरीसारखी धार काढायची. काडी आणि खोड सारख्या जाडीचं हवं. खाचेत बसवून घट्ट बांधायचं. काड्या सुकू द्यायच्या नाहीत. सोपं आहे की नाही?

रविवारी अक्काच्या जेवणाच्या टेबलावर मी दुकान मांडलं. दहा रोपं. आता आमची पद्धत अशी, की आधी सगळं कटिंग, मग सगळी शिलाई. म्हणून दहाही रोपांचे शेंडे उडवले. वेलाच्या दहा काड्या आणल्या. कापलेला तुकडा शिलाई संपेपर्यंत टाकायचा नाही ही वडिलांची शिकवण, म्हणून शेंडेही ठेवले. नुसते ठेवले नाहीत, हात चालतोच आहे म्हणून त्यांनाही धार काढली! सगळ्यांची पानं खुडली आणि एकाच परातीत, एकाच ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलं.

मग शिलाई. एकेक खोड घ्यायचं आणि परातीतून त्याच्या जोडीची काडी शोधायची. जाडी मी टेपनं मोजली. गौडांनी रंगाबद्दल काही सांगितलं नव्हतं, पण मी काय नवशिका आहे? शेडला शेड जुळवली! आणि काय सांगू, दर खोडाला अशी हुबेहूब काडी मिळत गेली की जोड दिसेना.

"अक्का, बघ. देवानं माप घेऊन पाठवल्यात!"

अक्कानं डोळे पुसले. उरलेल्या काड्या मी स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकल्या.

तीन आठवड्यांत दहाच्या दहा कलमांना फुटवे. गौडांना फोन केला.

"दहापैकी दहा?" ते म्हणाले. "पहिल्याच खेपेला माझी अर्धी मेली होती."

मग मी थांबतोय? गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता कलमावर भाषण! वेल वाढले, अक्कानं गौडांना जेवायला बोलावलं, होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, केली. मी नवा शर्ट घातला.

गौडा एका कुंडीपाशी वाकले. मग दुसऱ्या. मग चष्मा पुसून तिसऱ्या. वेलाचे आधार धरणारे कोवळे दोरे बोटावर घेतले.

"टेलरे, हे लाल का?"

"तब्येत!" मी म्हणालो.

"जांभळ्याचे हिरवे असतात. लाल पिवळ्याचे." त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला. "असा सुंदर जोड मी बघितला नाही. पण एक सांगा, ज्याचं डोकं त्यालाच परत बसवायचं होतं, तर कापलं कशाला?"

मी खुर्ची शोधली. चाळीस वर्षं ज्याचं कापड त्यालाच लावलं, कोणाची बाही कोणाला गेली नाही. इथंही तोच प्रामाणिकपणा केला होता हो!

अक्का सरळ जुन्या वेलाकडे गेली. सगळा वाळलेला, मी काड्या कापून घेतल्यावर तर फारच. तिनं पानं बाजूला केली आणि हाक मारली, "गौडरे, इकडं नोडी, बघा तरी!"

भिंतीकडच्या बाजूला एकच फांदी हिरवी होती. गौडांनी गाडीतून चार नवी रोपं आणली, फांदीच्या चार काड्या केल्या आणि तिथंच कलमं बांधायला बसले. त्यातली तीन आज अक्काच्या भिंतीवर आहेत, जांभळ्या फळांनी लगडलेली.

पण त्या दिवशी मला राहवेना. जवळ जाऊन म्हणालो, "अक्का, निदान बांधायला तरी मदत करू का?"

"तू आत सुम्ने, गप्प बस," अक्का म्हणाली. "कपाटात माझा निळा ब्लाऊज आहे. त्याच्या बाह्या उसव आणि त्यालाच परत जोड. ते तुला छान जमतं."