घोटीच्या डॉक्टरांवरचा किडनीचा आळ

ती घटना आठवली की आजही मी बसल्या जागी चुळबुळ करतो. ऐंशीच्या दशकात मी घोटीला फौजदार होतो. नाशकात सोनोग्राफीचे यंत्र नुकतेच आले होते.

एके सकाळी जवळच्या खेड्यातला एक भातशेतकरी ठाण्यात आला. सदरा वर करून पोटावरचा व्रण दाखवत म्हणाला, "सायब, डॉक्टरनं अपेंडिक्स सांगून माझी किडनी काढली. मुंबईला इकली."

"कशावरून?"

"तवापासून कंबर लय दुखती. आन् समदं गाव म्हनतंय."

एकाची किडनी दुसऱ्याला बसवतात, एवढे मी पेपरात वाचले होते. तेवढ्या ज्ञानावर मी तपास हाती घेतला.

त्याला नाशकाला तपासायला न्यायचे ठरवले. सोनोग्राफीच्या बाईंनी फोनवर बजावले होते, भरपूर पाणी पाजून आणा, लघवीला जाऊ देऊ नका. मला हा फाजील लाड वाटला. वाटेत वाडीवऱ्ह्याजवळ मी स्वतःच उदारपणे जीप थांबवून त्याला मोकळे होऊ दिले. रिपोर्टची पहिली ओळ होती, 'उजवी किडनी दिसत नाही.' बाई आणखी काही सांगत होत्या, पण मी तोवर जिना उतरत होतो.

दुपारी डॉक्टरांना ठाण्यात आणून बसवले. साठीचा शांत माणूस. संध्याकाळपर्यंत लोकांनी त्यांच्या दवाखान्याची पाटी फोडली होती.

"किडनी कुठे आहे?" मी टेबलावर हात आपटला.

"त्याच्या पोटातच असणार. रिपोर्ट वाचू का?"

चष्मा लावून त्यांनी सगळा वाचला. "साहेब, शेवटची ओळ पाहिलीत? 'मूत्राशय रिकामे. भरून पुन्हा तपासावे.' काहींची किडनी जन्मापासून खाली ओटीपोटात असते. मूत्राशय भरलेले नसेल तर आतड्यांमागे लपते."

हवालदाराने खिडकीबाहेर पाहिले. मी डायरीत पाहिले. तिथे माझ्याच अक्षरात 'महत्त्वाचा पुरावा' असे लिहिलेले होते.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या माठातले सहा तांबे पाणी पाजून त्याला घेऊन पुन्हा नाशकाला निघालो.

"सायब, गाडी थांबवा."

"नाही."

"मंग खड्डे तरी चुकवा."

बाईंनी यंत्र ओटीपोटावर टेकवले. करड्या पडद्यावर, मूत्राशयाला खेटून, किडनी होती.

"हाय का?" त्याने विचारले.

"आहे."

"मंग आता जाऊ का?"

परत येऊन मी ठाण्यातच बसवून ठेवलेल्या डॉक्टरांची माफी मागितली आणि घरी सोडायला जीप देऊ केली. ते म्हणाले, "जीप नको. बाजारातून चालत जातो, लोकांना दिसू द्या."

त्यांचा मान राखावा म्हणून मी पूर्ण गणवेशात सोबत निघालो. हातगाडीवरचा चहावाला ओरडला, "काय सायब, डॉक्टरला पुन्हा उचलला?"

डॉक्टर थांबले. "साहेब, आता तुम्ही मागे फिरा."

मी फिरलो. त्यांच्यावर संशय बसवायला मला अर्धाच वाचलेला कागद पुरला होता. तो पुसायला माझी वर्दी कामाची नव्हती. ते बाजारातून एकटेच गेले, आणि पाटी त्यांनी पुन्हा कधी लावली नाही.