अंगातलं पाणी

गेल्या मंगळवारी आबांना होडीतून ठाण्याला नेलं, डॉक्टरला दाखवायला. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन खाडीवर पसरलेलं... आबा म्हणजे माझे वडील, सत्तरी ओलांडलेले, सारा जन्म कळव्याच्या मिठागरात गेलेला. हल्ली चार पावलं चालले तरी धाप लागते, आणि पाय असे सुजलेत की वहाणेत मावत नाहीत.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग मला एकट्याला ओसरीवर नेलं. म्हणाले, काळीज थकलंय. औषधाच्या थेंबांनी सूज उतरेल, पुन्हा चढेल, दर वेळी थोडी जास्तच... या वयात दोन महिने धरा.

परतताना आबांनी विचारलं, काय म्हणाला? मी कचेरीत कारकून, दिवसभर लोकांचे अर्ज लिहितो, पण तेव्हा एक वाक्य जुळवता येईना. अंगात पाणी झालंय, एवढंच सांगितलं.

आबा चक्क खूश झाले. पाणी आटवणं हा तर त्यांचा धंदा. दुसऱ्या दिवसापासून ते मिठागराच्या बांधावर उन्हात पाय पसरून बसू लागले. वारा कुठून येतोय ते बघायचे आणि पाय तिकडे वळवायचे.

हसावं की रडावं मला कळेना. कचेरीतून आलो की मीही शेजारी टेकायचो. समोर मिठाच्या वाफ्यांतलं खारं पाणी आटून हळूहळू जड होत असायचं, त्यात ढग उतरलेले असायचे, आणि आम्ही दोघं बघत राहायचो... वाटायचं, खरंच आटलं तर?

काल उन्हं कलताना आबांनी स्वतःच्या नडगीवर बोट दाबलं. खळगा पडला, तो भरेचना. वाफ्याचा तळ तयार झाला की नाही, हे आमच्याकडे टाच दाबून बघतात. ठसा राहिला तर तळ अजून ओला, त्यात मीठ धरत नाही. आबा कितीतरी वेळ त्या खळग्याकडे बघत होते.

"ह्या पानी काय सुकत नाय रं," ते शांतपणे म्हणाले. "खरा सांग, किती दिस बोलला त्यो?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सांगितलं... दोन महिने.

"दोन म्हयनं?" आबांचा चेहरा उजळला. "मी त पंधरा दिसच धरलं व्हतं. मंग या सालचा मीठ बघाला मिलल मना."

आणि लगेच त्यांनी मला जोडे काढून शेजारच्या रिकाम्या वाफ्यात उतरायला लावलं. टाच कुठे, किती दाबायची, ते बांधावरून सांगत राहिले. धाप लागली की थांबायचे, पुन्हा सांगायचे. चिखल गार होता आणि मला फार बरं वाटत होतं.

आठवडाभर मला वाटत होतं, मी त्यांच्यापासून मरण लपवतोय. खरं तर मी त्यांचे दोन महिने दडवून बसलो होतो... त्यांनी ते वेळेत मागून घेतले, हे माझंच नशीब.