इमानदारी शिकायला आलेला कुत्रा

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा दुर्गच्या टॉकीजमध्ये इमानी कुत्र्याचा सिनेमा लागला. रविवारच्या मॅटिनीला माझ्या शेजारी एक वेल्डर येऊन बसला. बाह्यांना ठिणग्यांची भोकं आणि हातातल्या दोरीला चक्क एक पिवळा कुत्रा!

डोअरकीपर धावत आला. "अबे, कुत्र्याले कावून आनलं?"

"इमानदारी शिकवाले! कारखान्याच्या गेटवर सारेच खाकीत. शिफ्ट सुटली का हा कोनाच्याबी मागं जाते. काल पार रुआबांध्याच्या वस्तीतून धरून आनला. आज नाही शिकला, तं देतोच सोडून!"

डोअरकीपर हसत सुटला आणि कुत्रा आतच राहिला.

पडद्यावरचा कुत्रा मालकाच्या थडग्यापाशी उपाशी बसला. सारं थेटर मुसमुसलं, मीसुद्धा. आमचा विद्यार्थी मात्र मालकाच्या पायावर मान टाकून घोरत होता.

सिनेमा संपला, थेटर रिकामं झालं, तरी वेल्डर हलेना.

"उठा ना, भाऊ," मी म्हटलं.

"उठू कसा? पाय सुन्न झाला, पन हा झोपून राहिला ना."

मी खट्याळपणे विचारलं, "शिकला तं काईच नाही. मंग कवा सोडता याले?"

त्यानं घाईघाईनं कुत्र्याच्या कानावर हात ठेवला.

"हळू बोला ना, भाऊ! आयकन तो."