दाजींची विमानं

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरमध्ये गिरणीत दळणाच्या रांगेत उभा होतो. आक्काच बोलत होती. "प्रभाकर, जेवून ओट्यावर खुर्चीत बसले हुते रं... मी दोनदा हाक मारली, ओ दिली न्हाई." गिरणीच्या घरघरीत मला तिला पुन्हा विचारावं लागलं, आणि तिला ते पुन्हा सांगावं लागलं, याचं अजून वाईट वाटतं. दळण तिथंच टाकून मी देवळाली प्रवरेची वाट धरली. त्या वाटेवर माझ्या मनात काय होतं ते लपवण्यात आता अर्थ नाही. दुःख होतंच. पण त्याच्याही आधी मनात आलं ते हे, की आता यांची माफी मागायची राहून गेली ती गेलीच. जवळजवळ चार वर्षं मी दर रविवारी ते एक वाक्य खिशात घालून त्यांच्याकडे जात होतो आणि तसंच परत आणत होतो.

शांतवन साळवे हे माझ्या थोरल्या बहिणीचे, मार्थाआक्काचे यजमान. हायस्कूलात त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. वर्गात बोलायचे ते छापील पुस्तकासारखं. घरी आले, सदरा खुंटीला लावला की 'हाय' आणि 'न्हाई' सुरू. शाळेतलं पर्जन्यमापक यंत्र त्यांच्याच ताब्यात असायचं आणि रोज सकाळी पाऊस मोजून वहीत लिहायची सवय त्यांना जडली होती. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच्या पैशानं एक मापक आणून परसात रोवला. पाऊस नसेल त्या दिवशीही वहीत शून्य लिहायचे. आमच्याकडे शून्यंच जास्त, तरी ती वही त्यांनी एक दिवस कोरी ठेवली नाही.

कोरोनाची टाळेबंदी लागली तेव्हा सगळ्यांना रस्ते ओस पडलेले दिसले. दाजींना आभाळ ओस पडलेलं दिसलं. दुपारी त्यांच्या ओट्यावरून उंचावरून जाणारी विमानं दिसतात, पाठीमागे पांढरी रेघ ओढत जाणारी. ती बंद झाली. दाजींनी पावसाच्या रकान्याशेजारी विमानांचा रकाना आखला आणि तिथंही शून्यं लिहायला लागले. मग कधीतरी एकाचा आकडा आला, काही दिवसांनी तीनचा. एका संध्याकाळी मला फोन करून म्हणाले, "पाव्हणं, आभाळ उघडायला लागलंय." मला वाटलं पावसाचं सांगतायत.

त्याच सुमारास आक्काच्या गुडघ्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं होतं. दोन्ही गुडघे पार झिजलेले, ओट्याची पायरी उतरायची तर भिंत धरावी लागे. पैसे जमवून ठेवले होते, पण दवाखान्यांत तेव्हा असली ऑपरेशनं कोणी करत नव्हतं. ते पैसे बँकेत पडून होते. दाजींनी ते उचलले आणि राहुरीच्या निकमांमार्फत एका विमान कंपनीचे शेअर घेतले. निकम म्हणजे त्यांचा जुना विद्यार्थी, शेअरच्या खरेदी-विक्रीचं ऑफिस चालवतो. आयुष्यात कधी विमानात न बसलेल्या माणसानं बायकोचे गुडघे विमानात ठेवले, असं मी तेव्हा घरी बायकोला म्हणालो होतो.

मी सहकारी बँकेत उभी हयात काढली. मुदत ठेवीच्या पावत्या लिहून लिहून माझं बोट वाकडं झालंय. शेअर म्हटलं की मी चार हात लांब, त्यात विमान कंपनीचे! टीव्हीवर रोज जाणकार मंडळी बसायची. एक म्हणायचा, या धंद्याला आता वर्षानुवर्षं मान वर काढता येणार नाही. दुसरा म्हणायचा, उभी विमानंसुद्धा पैसा खातात. परदेशातले बडे गुंतवणूकदार विमानांचे शेअर विकून मोकळे झाल्याच्या बातम्यांची मी कात्रणं काढून ठेवली होती. तिसरा एखादा म्हणायचा की माणसं कोंडून किती दिवस राहतील, प्रवास परत येईल तेव्हा हेच शेअर आधी धावतील. पण त्याचं कात्रण मी काढलं नाही.

दुसरी लाट आली, शटरं पुन्हा खाली यायला लागली आणि शेअर घसरले. आक्काचा मला चोरून फोन आला. "तूच सांग बाबा त्यांना. माजं ऐकत न्हाईत. पायाचं जाऊ दे, पन म्हातारपनी हातात काय ऱ्हाईल?" मी स्कूटर काढली ती थेट दाजींच्या ओट्यावर. निघताना मोठी तयारी केली होती. कोणतं विमान कुठून कुठं चाललंय ते दाखवणारं एक ॲप मोबाईलवर घेतलं होतं. दुपारी पांढरी रेघ दिसली तसा मोबाईल त्यांच्यापुढे धरला.

"दाजी, हे बघा. आखाती देशातून निघालंय, पूर्वेला चाललंय. आपल्या देशात उतरतसुद्धा नाही. वर्षभर तुम्ही जी मोजताय, त्यातली निम्म्याहून जास्त असलीच. काही तर नुसती मालाची. तुमच्या कंपनीचं यात एक नाही!"

दाजींनी चष्मा वर करून मोबाईलकडे बघितलं, मग आभाळाकडे. "व्हय का?" म्हणाले. "पन पाव्हणं, टेम्पो सुरू झाला की मागनं यष्टी सुरू व्हतीच. माल गेला की मानूस जातोय. यांच्यात मानसं बसली तर आपल्यातबी बसतील."

मी चिडलो. इतका चिडलो की नको ते बोलून गेलो. "तुमच्या या वहीपायी आक्का जन्मभर लंगडत राहील," असं मी म्हणालो. वयानं, मानानं मोठा माणूस. त्यांच्याच ओट्यावर, त्यांचाच चहा पिऊन. आक्का दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. दाजींनी वही मिटली. "लावा निकमला फोन," म्हणाले. मी मोबाईल मोठ्या आवाजावर ठेवला. दाजी म्हणाले, "निकम, ते सगळे विकून टाका." निकम म्हणाला, "सर, आजचा बाजार बंद झालाय. उद्या सकाळी टाकतो." मी कृतकृत्य होऊन घरी आलो आणि त्या रात्री ढाराढूर झोपलो.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. लाट ओसरली, लसी टोचून झाल्या आणि घरात कोंडलेली माणसं पिंजरा उघडल्यासारखी बाहेर पडली. विमानं भरभरून जायला लागली, तिकिटांचे दर डोळे पांढरे करायला लागले. टीव्हीवरची तीच जाणकार मंडळी आता हसतमुखानं सांगत होती की हे तर होणारच होतं. त्यांना आपलं जुनं बोलणं विसरून जाण्याची सोय होती, मला नव्हती. शेअरचा भाव वर गेला की माझा रक्तदाब वर जायचा. मधे कधी नव्या विषाणूची किंवा तेल महागल्याची बातमी येऊन भाव उतरला, की मला पापी आनंद व्हायचा. पण तो पुन्हा चढायचाच.

तेव्हापासून मी रविवारी देवळालीला जायला लागलो. त्याआधी मी वर्षातून दोनदा जायचो, नाताळाला आणि ईस्टरला. आता सकाळची उपासना आटोपली की स्कूटरला किक मारायची आणि दुपारपर्यंत ओट्यावर. जाताना खारी न्यायची. दाजी त्या लोखंडी खुर्चीत, मी पायरीवर. ऊस, पाऊस, कारखान्याचं राजकारण, सगळं बोलणं व्हायचं. ते एक वाक्य तेवढं खिशातच राहायचं. डोक्यावरून विमान गेलं की मी खाली मान घालायचो. दाजी मात्र वर बघून गालात हसायचे आणि वहीत रेघ मारायचे. मला वाटायचं, केवढं हे मोठं मन! एवढं नुकसान केलं तरी मेहुण्याला चकार शब्द नाही.

आक्काच्या ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा मी एक ठेव मोडून पैसे घेऊन गेलो. दाजींनी पाकीट परत माझ्या खिशात कोंबलं. "सोय झालीय. तुमी पावती मोडू नका, व्याज बुडंल." मला वाटलं, कर्ज काढलं असणार. ऑपरेशन छान झालं, आक्का हिंडायला लागली, आणि मी तिच्या प्रत्येक पावलागणिक मनात खजील होत राहिलो.

माती झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी घरी सांत्वनाची प्रार्थना होती. निकम आला होता. प्रार्थना झाल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, सरांच्या शेअरचे कागद आक्कांच्या नावावर करायचेत. सह्या घ्यायला कधी येऊ?"

"कसले शेअर?" मी म्हणालो. "ते तर आपण विकले ना..."

निकम माझ्याकडे बघतच राहिला. "कुठं काका? त्याच दिवशी सांजच्याला सरांचा परत फोन आला हुता. म्हनले, मघाचं ऱ्हाऊ दे. पाव्हण्याला आज झोप लागू दे, विकायचं न्हाई. ऑपरेशनाला लागले तेवढे नंतर विकले. बाकीचे तसेच हायेत की."

मी परसात गेलो आणि त्या पर्जन्यमापकाशेजारी उभा राहून रडलो. मग हसू आलं. चार वर्षांचं ओझं एका वाक्यानं उतरलं होतं आणि ते हलकेपण काही केल्या आवरेना. नुकतंच माणूस गेलेल्या घरी असं हसू नये हे कळत होतं. दाजींनी माझं ऐकलं नव्हतं! माझं ज्ञान, माझी कात्रणं, माझं ॲप, काही म्हणता काही ऐकलं नव्हतं. देवाचे मी इतके मनापासून आभार क्वचितच मानले असतील.

संध्याकाळी मंडळी पांगल्यावर मी आक्काला विचारलं, तुला माहीत होतं का. ती म्हणाली, ऑपरेशनच्या वेळी दाजींनी सांगितलं.

"मग मला का नाही सांगितलंत? मी इथं झुरत होतो आक्का!"

"मी म्हनले त्यांना, सांगून टाका, पोरगं वाळत चाललंय." सत्तरीला टेकलेला मी तिच्या लेखी पोरगंच. "तर म्हनले, नगं. सांगितलं की पाव्हणं परत नाताळालाच येतील."



परवा रविवारी पुन्हा गेलो. खारी नेली. लोखंडी खुर्ची ओट्यावर तशीच आहे, तोंड आभाळाकडे. तिच्यात बसायचं धाडस झालं नाही, मी आपला पायरीवर. आक्कानं वही आणून दिली. पाऊस, विमानं, आणि मला कधी न दिसलेला एक तिसरा रकाना, ज्यात फक्त रविवारी लिहिलेलं असायचं: 'प्र. आला.' मागं मागं चाळत गेलो. मी यायला लागलो त्या पहिल्या रविवारपासून एकही रविवार रिकामा नव्हता. दाजी गेल्यानंतरची पानं मात्र कोरी होती. मी पेन घेतलं, पावसापुढे शून्य लिहिलं. दुपारभरात चार विमानं गेली, तेही लिहिलं, कोणाची होती ते ॲपवर न बघता. तिसऱ्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून वही तशीच खुर्चीवर ठेवली. आक्का आतून आली, भिंतीला हात न लावता पायरी उतरली, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि उभ्या उभ्याच लिहिलं, 'प्रभाकर आला.'