मुसळं अजून होल्डवर

क्रिकेटची बॅट सपाट असते, एवढंच खरेदीच्या अर्जात लिहायचं राहिलं. चूक माझीच. देवरुखच्या शाळेत दहावीपर्यंत बॅट म्हणजे फळी एवढंच ठाऊक. ती गोलही असते हे तिथे कोण सांगणार? कंपनीच्या स्पर्धेसाठी मी कॅटलॉगातल्या सगळ्यात स्वस्त 'बॅट, लाकडी, बारा नग' आणि 'बॉल, चामडी, चोवीस नग' यांवर खूण केली. दहा दिवसांनी ओमानमधल्या सोहारच्या आमच्या गोदामात खोकी उघडली, तर आत बारा गोल दांडके. सगळा माल बेसबॉलचा.

"अरे देवरुखकर," हुसैनमियाँ म्हणाले, "ही मुसळं कोणाच्या लग्नाला मागवलीस?"

हुसैनमियाँ आमचे माल-तपासनीस. गाव जयगड, सोहारात सव्वीस वर्षं. आमची कंपनी व्हॉल्व्ह बनवते, आणि गोदामात येणारी प्रत्येक वस्तू आधी त्यांच्या टेबलावरून जाते. हिरवा शिक्का म्हणजे पास, लाल म्हणजे परत. ज्याचं काही ठरत नाही त्याला पिवळा टॅग, 'होल्ड'. होल्डवरच्या मालाला कोणी हात लावायचा नाही. खुद्द अर्बाबसाठी आलेल्या खुर्चीचा एक पाय तीन मिलिमीटर आखूड निघाला, तेव्हा मालक आठवडाभर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून सह्या करत होते. घरी लेक अंबरीन भाकरी वाढते, तीही ते आधी उजेडात धरून बघतात म्हणे.

बॉल त्यांनी व्हर्नियरने मोजले, शिलाईचे टाके मोजले आणि पास केले. बॅटींना पिवळा टॅग.

"असा माल का आला, ते कारण लेखी दे. मग सोडतो."

उद्या देतो, म्हटलं. पण लिहू काय? 'मला वाटलं' असा रकाना त्या फॉर्मात नव्हता. ते रोज विचारत, मी रोज उद्या म्हणे.

पास झालेले बॉल हिबाच्या हाती लागले. हिबा अंबरीनची मुलगी, नववीतली. तिची शाळेची बस आमच्या फाटकाशी थांबते. एका दुपारी तिने तीस पावलांवरून खांबाला टांगलेलं माझं हेल्मेट पाडलं. मी म्हटलं, योगायोग. तिने पुन्हा पाडलं. तिसऱ्यांदा ते डोक्यावर घालून मी स्वतः उभा राहायला निघालो, तेव्हा मियाँनी आम्हा दोघांनाही आवरलं.

पुढच्या आठवड्यात ती आजोबांपुढे एक अर्ज घेऊन आली. मस्कतला बेसबॉलचं शिबिर होतं, अर्ज महिनाअखेरपर्यंत.

"नाना, प्लीज. इथे इव्हॅल्युएटर पाहिजे. साइन आणि स्टॅम्प."

"मग कोच शोध."

"सोहारमध्ये बेसबॉलचा कोच कुठे आहे? स्टॅम्प फक्त तुमच्याकडे आहे."

"मारून टाका ना चाचा," मी म्हणालो. "घरचंच काम."

गंजक्या व्हॉल्व्हकडे बघतात तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सव्वीस वर्षांत न तपासता एक नट सोडला नाय. नात हाय म्हणून सोडू?"

मग पॅलेटच्या मधल्या फळ्या काढून चौकट उभी राहिली. पद्धत व्हॉल्व्हचीच: वीस नग, दोन खोटे चालतील, तिसऱ्याला सगळा लॉट नापास. बॉलला निळा खडू, खूण उमटावी म्हणून. चौकटीच्या फळीवर मधोमध रेघ. रेघेच्या आत ते आत.

हिबाचे पाच बॉल बाहेर गेले. मियाँनी शांतपणे तिच्या दप्तराला पिवळा टॅग बांधला.

"नाना, तुम्हाला बेसबॉल येतो तरी का?"

"नाय. मला खोट समजते."

टॅग लावूनच ती शाळेत जाऊ लागली. काढ की, म्हटलं, तर म्हणाली, "नको दादा. नानांनी गाठीचा फोटो काढून ठेवलाय."

रोज दुपारच्या, असरच्या नमाजानंतर यार्डात तपासणी. मियाँच्या वहीत रकाने: पाऊल, खांदा, बोटं, मूड.

"मूड कशाला, नाना?"

"भट्टीचं तापमान लिहितात, तसं."

दहाव्या दिवशी त्यांनी वही मिटली. "खोट हातात नाय, पायात हाय. बॉल चुकतो तेव्हा डावा पाय चार बोटं बाहेर पडतो." त्यांनी खडूने सिमेंटवर पावलाची जागा आखून दिली. पाचाचे चार झाले, चाराचे तीन. तिथे मात्र गाडी अडली.

"मी पास झाले तर," हिबा एकदा चिडून म्हणाली, "माझा एक बॉल तुम्ही खेळायचा. ते मुसळ घेऊन!"

"खेळीन. जबान दिली."

अर्जाच्या शेवटच्या दिवशी शेवटची तपासणी. एकोणीस बॉल झाले, दोन बाहेर. विसावा खाडकन चौकटीच्या फळीवर आपटला आणि खाली पडला. निळी खूण बरोबर रेघेपाशी.

"खलास! पास!" फोर्कलिफ्टवरून महमूद ओरडला.

"तू माल उतरव," मियाँ म्हणाले. व्हर्नियर घेऊन ते वाकले, आणि पुन्हा सरळ झाले. "मी सख्खा आजोबा. मला ती आतच दिसणार. देवरुखकर, तू मोज."

मी! ज्याला बॅट आणि मुसळ यांतला फरक कळला नाही, त्याने मिलिमीटर सांगायचे. व्हर्नियर मी जन्मात धरला नव्हता. हिबा टॅगची दोरी बोटाला गुंडाळत माझ्याकडे एकटक बघत होती. मी वाकलो, एक डोळा मिटला, दुसराही मिटावासा वाटला.

"आत," मी म्हणालो.

"किती?"

"दोन."

"दोन काय?"

"दोन... आत."

मियाँनी व्हर्नियर माझ्या हातातून काढून घेतला. मग हिरवा शिक्का असा हाणला की टेबलावरचा चहा सांडला. शेऱ्यात लिहिलं: 'वीसपैकी दोन खोटे. डाव्या पायावर लक्ष ठेवावे. बोलणे जास्त.' हिबा अर्ज घेऊन पळाली. ते मला हळूच म्हणाले, "व्हर्नियर उलटा धरला होतास."

"मग शिक्का का मारलात?"

"तपासनीस तू होतास."

शिबिरात हिबा टिकली. आता दर गुरुवारी तिला मस्कतला सरावाला नेतात. निघताना ती टेबलापाशी येते. "नाना, माझा एक बॉल?"

"खेळलो असतो गं. पण मुसळं होल्डवर हायत ना. ह्या देवरुखकराने कारणच दिलं नाय."

आणि ज्या माणसाने रोज कारण मागून माझा जीव खाल्ला होता, त्याने हिबा पास झाल्या दिवसापासून एकदाही मागितलं नाही.

काल मीच कारणाच्या दोन ओळी लिहून त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी वाचल्या नाहीत. डबा उघडला, अंबरीनची सांदणं माझ्यापुढे सरकवली आणि डबा बरोबर माझ्या कागदावर ठेवला.

"आधी खा."

मी खाल्लं. डबा उचलून कागद पुढे केला. त्यांनी तो उजेडात धरला, एक डोळा मिटून बराच वेळ पाहिला.

"शाई फिकी हाय," हुसैनमियाँ म्हणाले. "उद्या नीट लिहून आण."